बुडबुडा दिसेपर्यंत

प्रिय चिमणे,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ‘बाबा, इकडे येऊन राहता का?’ असं तू विचारलंस आणि माझी झोपच उडाली. हो म्हणावं तर विमानाची भीती, नाही म्हणावं तर जीव तुटतो. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या नातवाला, पिट्याला, थंडीत कानटोपी घालतेस ना? दाराला आतून कडी लावत जा.

तुझी आई दवाखान्यात स्वयंपाकाला जायची, म्हणून तू दिवसभर माझ्या सायकलच्या दुकानात. उपडा डबा ही तुझी खुर्ची. पंक्चर शोधायला मी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली की तू पाण्याला नाक लावून बसायचीस. बुडबुडा दिसला की अशी ओरडायचीस, रस्त्यावरचं कुत्रंही दचकायचं. शेजारचा न्हावी चिडवायचा, ‘काय मालक, नवा कारागीर ठेवला वाटतं? पगार काय?’ तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, ‘आधी तुमची सायकल दाखवा!’ तोंडाळ पोरगी! मुद्दाम बसवून मी तुला काही शिकवलं नाही. चार बुकं शिकलेला माणूस काय शिकवणार? हात चालू, तोंड चालू. मी बडबडायचो, तू ऐकायचीस. त्यातच बोलायला लागलीस, मग भांडायलाही.

शाळेतल्या बाई म्हणतात, पिट्या गप्प असतो, त्याच्याजवळ बसा, बोला. हे सांगताना तू रडलीस. अगं, तुम्ही दोघंही पाळ्यांवर राबता. वेळ काय झाडाला लागतो? मला वाटायचं, तिकडची मुलं निराळी, त्यांना खेळणी पुरत असतील. पण परवा तू फोन त्याच्यासमोर ठेवून डबा भरत होतीस, तेव्हा मी त्याला घमेल्यात ट्यूब दाबून दाखवली. पोरगं फोनला नाक लावून बसलं, हलेना. बुडबुडा आला तसं खुदकन हसलं आणि बोटानं खूण केली, पुन्हा कर. तेवढ्यात तुझी निघायची वेळ झाली. फोन बंद होताना त्याचं रडणं मला ऐकू आलं.

म्हणून लिहितोय. मी येतो. दुकान न्हाव्याच्या भावाला चालवायला देतो. विमानातल्या संडासाचं दार कसं उघडतं, ते नीट लिहून पाठव. माझं खोकणं जावईबापूंना चालेल का, तेही विचार. तिथली भाषा मला यायची नाही, रस्ता ओलांडायचीही धास्तीच. पण पोराजवळ बसायला मला येतं, आणि मला कुठे जायची घाई नाही. अजून बोलावशील ना? की तुम्ही दुसरी सोय केलीत? लवकर कळव गं, जिवाला घोर लागलाय.

तुझाच,
बाबा