काचेखालचा डाव

शुक्रवार, ९ ऑक्टोबर
दुपार, जेवणानंतर

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग वगैरे लिहायची पद्धत आहे, पण आज साध्या नमस्कारावर भागवून घे. पाठ कशी आहे? वहिनी म्हणाली, धरली आहे, बसवत नाही की उठवत नाही. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला कमी आहे. सलूनवाल्याचा मोठा आरसा काल गेला, त्याला चौकट आवडली. चौकटीच्या लाकडी पट्ट्या देणारा पट्टीवाला कबूल करून आला नाही, म्हणजे तोही ठीक आहे.

हे पत्र वहिनीच्या हातात देते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. "अगं ऐक तर", "अगं गाडी चालवतोय". पाठ धरलेला माणूस दिवसभर गाडी कशी चालवतो, ते तुझं तुला माहीत. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बस आणि वाच.

डाव अजून टेबलावर आहे. चौकटींचे कोपरे कापायच्या यंत्राशेजारी, तू ठेवलीस त्याच काचेखाली, तुझी पाच पानं पालथी, माझी पाच पानं पालथी, मध्ये फोटो टांगायच्या पितळी आकड्यांचा आणि कड्यांचा ढीग, आपले खेळातले पैसे. आठवडाभर मी त्या टेबलाला वळसा घालून काम करते आहे. आणि आठवडाभर माझं डोकं तापलेलं आहे, हेही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुला वाटायचं बुटकी विसरली.

तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस, म्हणून झालं तसं लिहिते. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आपण पोकर खेळायला बसलो. बाबांनी शिकवला तसाच: पाच पानं, एकदाच बदलायची, मग बोली. मी दोन बदलली, तू एक. मी थोड्या कड्या टाकल्या. तू बराच वेळ नाक खाजवलंस आणि मग समोरचा सगळा ढीग दोन्ही हातांनी मध्ये सरकवलास.

"आणि दुकान," म्हणालास.

"म्हणजे?"

"म्हणजे दुकान. तू जिंकलीस तर माझा अर्धा हिस्सा तुझा, पुन्हा चकार शब्द काढणार नाही. मी जिंकलो, किंवा तू पानं टाकलीस, तर दुकान बंद. मुकाट्याने सही करायची. बोल, लावतेस की टाकतेस?"

मला आधी हसू आलं. मग तुझं तोंड बघितलं आणि ते गेलं.

दुसऱ्या कुठल्या घरात असलं बोललास तर लोक वेड्यात काढतील. आपल्याकडे नाही. आतली खोली कुणाची, सुट्टीच्या दिवशी शटर कुणी उघडायचं, बाबांना डॉक्टरकडे कुणी न्यायचं, सगळं आपण पत्त्यांवर ठरवत आलो, आणि हरलेल्याने कधी कुरकुर केली नाही. मी तर कधीच नाही. हे तुला पक्कं माहीत होतं, म्हणून तर तू सरळ बोलायच्या ऐवजी पानं वाटलीस.

आणि मी विचार करत असताना दार वाजलं. बाबांचा नियम: गिऱ्हाईक आलं की खेळ थांबला, पानं पालथी, वर काच. काच उचलायची ती दोघांनी समोरासमोर असताना. तू घाईघाईने काच ठेवलीस. तेव्हा कळलं नाही, एवढी घाई कसली. आलेल्या माणसाच्या हातात ना फोटो, ना चित्र. त्याने खिशातून टेप काढला आणि शटरची रुंदी मोजली. मग माळ्याची उंची. मग भिंतीवर बोटाने टकटक करून बघितली. तुला तो "भाऊ" म्हणाला. इथे मोबाइलचे काउंटर कुठे बसतील हेही त्याने तुला विचारलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमची सही कधीपर्यंत होईल?"

तू त्याला कोपराला धरून बाहेर नेलंस. परत आलास का? नाही. संध्याकाळी निरोप आला, पाठ धरली.

दादा, तू शब्द देऊन मोकळा झाला होतास. दुकान परक्याला देऊन ठेवलं होतंस आणि वर तेच दुकान माझ्यासमोर पणाला लावलंस. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी रागाने दुप्पट जेवले.

तरी तिथवर मी समजूत घातली असती स्वतःची. अडचण असेल, घाबरला असेल, असं काहीतरी. पण बुधवारी तुझा मेसेज आला: "एव्हाना काच उचलून बघितलं असशीलच. काय ते ठरव."

बघितलं असशीलच!

वहिनी रोज बाबांचा डबा घेऊन येते. तिला आपलं हे सगळं कळत नाही, बिचारी मला दोनदा म्हणाली, "अहो वन्सं, बघून घ्या ना एकदाचं. कोण बघतंय?" तिच्यावर मी चिडले नाही. ती या घरात नंतर आली. पण तू? आपण शाळेत असताना तू एकदा ताप आला म्हणून आत जाऊन झोपलास. तुझी पानं दोन दिवस काचेखाली होती आणि मी शेजारी बसून अभ्यास केला. तेव्हा तुला झोप लागली ना निवांत? मग आता काय झालं? मी चोर कधीपासून झाले?

तो मेसेज वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात काच कापायचा हिरा होता, तो बाजूला ठेवला, नाहीतर त्या दिवशी पाचपन्नास काचा वाकड्या गेल्या असत्या. स्टुलावर बसले आणि राग आल्यावर मी जे कधीच करत नाही ते केलं. विचार केला.

तू एक पान बदललंस. एक बदलणारा म्हणजे एकतर दोन जोड्या धरून बसलेला, नाहीतर एकाच रंगाची चार पानं धरून पाचव्याची वाट बघणारा. दोन जोड्यांवर तू दुकान लावणार नाहीस, दोन जोड्यांवर तू चार कड्यासुद्धा जिवावर आल्यासारख्या टाकतोस. म्हणजे पाचवं पान आलं की नाही, एवढाच प्रश्न. आलं असेल तर मी मेले. माझी पानं काय आहेत ते लिहिणार नाही, एवढी मी बावळट नाही, पण पाचही एका रंगाची असतील तर माझं त्यांच्यापुढे चालणार नाही.

आता मला सांग. पाचवं पान आलं असतं, तर मी काच उचलली काय आणि न उचलली काय, तुझं काय बिघडणार होतं? मी बघितलं असतं, घाबरून पानं टाकली असती, तुला हवी ती सही मिळाली असती. माझ्या बघण्याने नुकसान कुणाचं? ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचं. मी "लावते" म्हटलं असतं की तू म्हणणार होतास, बघितलंस म्हणून लावलंस, डाव रद्द. पळायची वाट तू आधीच झाडून ठेवलीस. तीही माझ्यावर आळ घेऊन.

चुकतही असेन. पान आलंही असेल, आणि मेसेज नुसता कुचकेपणाने टाकला असशील. मग दुकान गेलं. हे कळतं मला. तीन दिवस हेच चाललंय डोक्यात, लावू की टाकू, लावू की टाकू. काल एका बाईंच्या लग्नाच्या फोटोला मी उलट्या बाजूने पुठ्ठा लावला.

एक गोष्ट मी या पत्रात टाळत होते, पण इथवर आलेच आहे तर लिहिते. गेलं वर्षभर तुझे कोपरे उघडे राहतात. ज्याच्या सांध्यात नख जायचं नाही, त्याच्या चौकटीत फट दिसते. गिऱ्हाइकाने बघू नये म्हणून मी फटीत लांबी भरते, वर रंगाचं बोट फिरवते आणि मूग गिळून बसते. तुझं मन उडालंय हे मला केव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू "हो" म्हणाला असतास, आणि मग समोरच्या स्टुलावर कुणी नसतं. मला दुकान जायची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती तू नसलेल्या दुकानाची आहे. लिहिलं एकदाचं.

पण तू मला सरळ सांगायचं होतंस रे. "बुटके, मला हे काम नको आता." एवढंच. मी भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, रडलेही असते, आणि मग तुला सोडलं असतं. बहिणीला फसवून सही घ्यायची वेळ तुझ्यावर का यावी? या वयात? याचा राग मला आयुष्यभर पुरेल.

बाबांना काहीच माहीत नाही. काल काठी टेकत खाली आले, टेबलाकडे बघितलं आणि विचारलं, "बोली कुणाची?" मी म्हटलं, माझी. "मग बोल की," म्हणाले आणि वर गेले.

तर बोलते. मी पानं टाकत नाही. काचेला हात न लावता माझा सगळा ढीग मी आज पुढे सरकवला आहे, तिच्या कडेला लागून. आणि बोली वाढवते आहे. मी हरले तर सही तर करीनच, वर जाऊन बाबांना असंही सांगेन की दुकान बंद करायचं माझ्या मनात आलं, दादा नको म्हणत होता. तू हरलास तर हिस्सा तुझ्याकडेच ठेव, मला नको. फक्त जिना चढून वर जायचं आणि तुला या कामाचा कंटाळा आलाय हे बाबांना तुझ्या तोंडाने सांगायचं. मी तुझ्याबरोबर येणार नाही.

उद्या दुपारी दुकान उघडं आहे. आता लावायचं की टाकायचं, ते तू ठरव.

तुझी भागीदार, आणि त्याच्या कितीतरी आधीपासूनची,
बहीण