शेवटच्या सुराआधीची शिंक

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे सगळे ठीक. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही असं तुझ्या भावजयीचं म्हणणं आहे. त्याचं कारण सांगतो.

तुमच्याकडच्या संग्रहालयाने जुनी चित्रं आणि ध्वनिमुद्रणं जपण्यासाठी पालक हवेत अशी जाहिरात दिली आहे. आपण एक वस्तू निवडायची, तिच्या दुरुस्तीचा खर्च उचलायचा, मग तिच्याखाली आपल्या नावाची पाटी लागते. यादीत सतराव्या क्रमांकावर गायिकाबाईंच्या शेवटच्या गाण्याची फीत आहे. शेवटचा सूर लागायच्या आधी आपले बाबा जिच्यात शिंकले, तीच.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा दारवान म्हणजे तेव्हा केवढा मान! त्या एका शिंकेपायी बाबांना तळघरात फिती वाहायला धाडलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. बाई पुन्हा गायल्या नाहीत, त्यामुळे रेडिओवर तेच गाणं सारखं लागायचं. मला शाळेत सगळे शिंक्या म्हणायचे. तुला कोणी काही म्हणत नसे, म्हणून तू विसरलीस.

तर मी पालकत्व घेतलं आहे. अट एकच घातली आहे, फीत स्वच्छ करताना शिंकही काढावी. बाबांच्या नावावरचा डाग एकदाचा जाऊ दे. तू जाऊन तेवढं बघ. आईला इतक्यात सांगू नकोस.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेव.
तुझा,
धाकटा

ता. १९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

जाऊन आले. तिथल्या तंत्रज्ञबाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, फीत सध्या भट्टीत आहे. मी घाबरलेच. पण जुनी फीत चिकट होते, तिला मंद आचेवर आठ तास शेकावं लागतं म्हणे. माझ्या हातून एवढ्या वेळात कोळसा झाला असता.

तुझ्या अटीवर मात्र माशी शिंकली. मूळ वस्तूतलं काही काढायचं नाही असा समितीचा नियम आहे. शिवाय एका समीक्षकाने त्या शिंकेवर चाळीस पानं लिहिली आहेत. त्यांच्या मते गाण्याचा खरा कळस तोच. संगीताचे विद्यार्थी ती उभं राहून ऐकतात. मी सांगितलं की शिंकणारे आमचे वडील, तर त्यांच्यातल्या दोघांनी माझ्या सह्या घेतल्या.

एवढ्यावर हात हलवत परत येईन तर मी तुझी बहीण कसली! शेजारच्या दालनात एका दंतवैद्याने दत्तक घेतलेल्या राजाचं चित्र दाखवून मी भांडले. तो राजा दीडशे वर्षं तोंड मिटून गंभीर बसला होता. काजळी पुसली तर दात निघाले, आणि आता तो सरळ सरळ हसतोय. मग त्याला का बदललंत, असं मी विचारलं. ते मूळचंच होतं, असं उत्तर आलं. शेवटी समितीने एक तोड काढली. शिंक बाबांचीच, म्हणजे गाण्याबाहेरची, हे सिद्ध झालं तर बिनशिंकेची दुसरी प्रत काढून देतील. बाबा नाहीत, म्हणून वारसाच्या शिंकेचा नमुना हवा. मला कधी शिंक येत नाही हे तू जाणतोसच. तेव्हा भार तुझ्यावर.

आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही त्यासोबत पाठवते.
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत तीन शिंका ध्वनिमुद्रित करून पाठवल्या आहेत. पहिली खरी, दुसरी मिऱ्याची, तिसरी दुसरीमुळे आली. साक्षीदार म्हणून तुझ्या भावजयीची सही आहे. तिने सही हसत केली आहे, म्हणून जरा वाकडी दिसेल.

तुला एक कधी सांगितलं नाही. बाबा गेले त्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं की शिंक दाबता आली नाही का. ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर दाबली नसती का. मला वाटलं, टाळतायत. मी आणखी दोन शब्द बोललो. ते शब्द आता मागे घेता येत नाहीत, पण ती शिंक काढता येत असेल तर काढू या.

निकालाची वाट पाहतो. राग नसावा.
धाकटा

ता. २० एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मन घट्ट करून वाच. तुझ्या तिन्ही शिंका नापास झाल्या. तंत्रज्ञबाई म्हणतात, मूळ शिंक बाईमाणसाची आहे आणि ती खोलीच्या मागच्या पडद्याकडून आली आहे. समितीने लगेच साथीला बसलेल्या बाईंना पत्र धाडलं. त्या आता नव्वदीच्या आहेत. आपण आयुष्यात कोणाच्या गाण्यात शिंकलो नाही, असं त्यांनी वकिलामार्फत कळवलं.

हे सगळं मी तुझ्या भाऊजींना चहाच्या वेळी हळू आवाजात सांगत होते. आई पलीकडे मटार सोलत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "माझी आहे ती."

तिने उरलेले मटार सोलून संपवले आणि मग कागद मागितला.

समितीला कळवलं. शिंकणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्या संमतीने मूळ फितीतूनही शिंक काढता येते, असं एक पोटकलम निघालं. म्हणजे सगळं आईच्या सहीवर आलं. काल तिला तिथे घेऊन गेले, पुढचं तीच सांगेल. तिचं पत्र सोबत जोडते. मी वाचलेलं नाही. म्हणजे एकदाच वाचलं.

ताई

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहायची सवय सुटली आहे, अक्षर लावून घे.

तुझे वडील दारावर असताना मी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. मुद्रण सुरू झाल्याचा तांबडा दिवा लागायच्या आत ते मला मागच्या पडद्याआड उभी करायचे. सात वर्षं मी तिथे उभ्याने गाणी ऐकली. नियमात बसत नव्हतं, पण मला गाण्याचं वेड आणि त्यांना माझं. पडदा कोणी कधी झटकला नव्हता. त्या दिवशी मला शिंक आली. साहेब लालबुंद होऊन बाहेर आले आणि कोण शिंकलं म्हणाले. तुझ्या वडिलांनी हात वर केला. मी आत तोंड दाबून हसत होते. एवढं अंगाशी येईल हे कुठे ठाऊक होतं? रात्री जेवताना तेही हसले. बदलीचा कागद आठवड्याने आला. खरं सांगू का म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, तू आत होतीस हे कळलं तर आहे ती नोकरीही जाईल.

ते निवृत्त झाल्यावर बोलता आलं असतं. तुला शाळेत काय म्हणतात हे मला कळत होतं. तू त्यांना बोललास तेही मी स्वयंपाकघरातून ऐकलं. गप्प बसले, ते चुकलंच माझं. त्यांच्यावरचा राग माझ्या नावावर कर.

काल ताईबरोबर जाऊन ऐकून आले. कानाला ते डबडं लावलं. बाई सुरेखच गायल्यात. मग माझी शिंक आली. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि केवढी ठणठणीत शिंकले रे! समितीचे लोक सहीसाठी कागद पुढे धरून उभे होते. मी सही केली नाही. तिथे माझा फोटो नाही, नाव नाही, हजेरी नाही. शिंक काढली तर मी त्या खोलीत होते असं कोण म्हणेल?

तू पैसे भरलेस तेव्हा तुझा मान राखायला हवा होता, हे कळतं. पण पाटीवर काय लिहायचं ते तू इथे येऊन ठरव. लौकर ये. माझा गुडघा वाट पाहायला काही फार चांगला नाही.

तुझी,
आई