मुद्देमाल क्रमांक तीन ऐकून घेण्याबाबत

प्रति,
मा. मुद्देमाल अधिकारी,
जिल्हा न्यायालय
(मा. कारागृह अधीक्षक यांच्यामार्फत)

विषय : मुद्देमाल क्र. ३, पत्र्याचा गोल डबा, नष्ट न करता उघडून आतील संगीत ऐकण्याची शिफारस.

संदर्भ : १) आपली नाश-सूचना, अनुक्रमांक ४१. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज व आपली दोन्ही उत्तरे.

महोदय,

१. मी सख्ख्या थोरल्या भावाचे डोके फोडल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा भोगत असून सुटकेला पाच महिने राहिले आहेत. ज्या डब्याने ते फोडले तो आपल्याकडे लाकडी खोक्यात, कापसात, सीलबंद आहे आणि येत्या पंधरा तारखेला भंगाराबरोबर जाणार आहे. तो उघडावा, अशी विनंती मी दोनदा केली. आपण दोनदा कळविले की, निकालपत्राच्या परिच्छेद चौदानुसार डबा रिकामा आहे. सबब रिकाम्या डब्यात ऐकण्याजोगे काही असल्याचे हे कार्यालय मानू शकत नाही. उघडून पाहावा तर सील तोडण्यास कारण लागते, आणि रिकामा डबा हे कारण होत नाही. दुसरे उत्तर वाचून मी भिंतीवर डोके आपटले. टाके चार पडले, नोंद इथल्या दवाखान्यात आहे.

२. आमचे वडील मारामारीच्या चित्रपटांना पार्श्वसंगीत देत. गाणी दुसऱ्याची, पडद्यावर नावही दुसऱ्याचेच. बाबांच्या वाट्याला सुरे, साखळ्या आणि पडणारी माणसे. असे सात चित्रपट त्यांनी केले. आपण ते पाहिलेही असतील, पण संगीत ऐकलेले नसणार, कारण शेवटच्या मिश्रणात त्यावर ठोशांचे आवाज चढवून खालचे सगळे दाबून टाकत. माझी शिफारस विचाराल तर खाटकाच्या गोदामातली हाणामारी आधी ऐकावी. अकरा जण एकाला आकड्याला टांगतात, तिथे फक्त एक चेलो आहे आणि तो प्रत्येक घावाला थोडा खाली घसरतो. न्हाव्याच्या खुर्चीतला खूनही तसाच. वस्तरा गळ्यावर फिरतो तेव्हा सगळी व्हायोलिने थांबतात आणि एक बाई गुणगुणत राहते, जणू मुलाला न्हाऊ घालते आहे. निर्माते बाबांवर ओरडत, "अहो, मुडदा पडलाय तिथे, अंगाई कसली वाजवताय?" बाबांचे उत्तर ठरलेले असे : "मारणाऱ्यासाठी सगळेच वाजवतात. मार खाणाऱ्याच्या बाजूनं कुणीतरी वाजवायला नको का?" ही शिफारस मी करतो आहे खरी, परंतु वरील दोन्ही आता कोणालाच ऐकता येणार नाहीत. कारण पुढे देतो.

३. थोरले बंधू, म्हणजे खटल्यातील फिर्यादी आणि माझे दादा, स्टुडिओत ध्वनिमिश्रक होते. मी त्यांच्याच हाताखाली यंत्रांवर रिळे चढवीत असे. सात चित्रपटांच्या मूळ संगीताची रिळे, ठोसे चढवण्यापूर्वीची, सात डब्यांत तिथेच ठेवलेली होती. बाबा गेले त्याला वर्ष झाले त्या दिवशी मी बाबांच्या अक्षरात नाव घातलेला पहिला डबा काढून रीळ चढवले. आतून ठोसे आले. धाड, धाड, धाड, वीस मिनिटे. दुसऱ्यातून फुटणाऱ्या काचा आल्या, तिसऱ्यातून किंकाळ्या, पुढच्यांतून मोडणारी हाडे. कोरी चुंबकीय फिल्म मिळेना म्हणून दादांनी सहाही रिळे पुसण्याच्या यंत्रावर, म्हणजे एका मोठ्या चुंबकावर, साफ करून त्यांवर मारामारीचे आवाज साठवले होते. मी जाब विचारला. ते चहा पीत म्हणाले, "अरे, ऐकणार कोण होतं ते? निदान कामाला तरी आलं." सातवा डबा, पुसायचा राहिलेला, माझ्या हातात होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कडेने त्यांच्या डाव्या कानामागे घातला. ते पडल्यावर आणखी दोनदा घातला. कवटीचा आवाज त्या सहा रिळांतल्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. फार बारीक होता. रक्त झाकणाच्या फटीत उतरून सुकले, आणि ते झाकण त्यानंतर कोणी उघडलेले नाही.

४. दादा वाचले, डावा कान मात्र कायमचा गेला. साक्षीच्या वेळी डब्यात काय होते असे सरकारी वकिलांनी विचारले. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही नव्हतं, साहेब. रिकामा डबा. रागात हाताला लागला, मारला त्यानं." डब्याचे वजन कोणी केले नव्हते. जो काही जडपणा जाणवला तो खोक्याचा धरला गेला. खुनाच्या प्रयत्नाचे कलम गळाले आणि दुखापतीवर निभावले. मी पिंजऱ्यात तोंड शिवून उभा राहिलो, याची मला लाज वाटते.

५. आता लिहून देतो की डबा भरलेला होता. अकरा वर्षे रिळे उचलल्याने भरलेला आणि रिकामा डबा मला डोळे मिटून कळतो. मी तो भरलेला आहे हे जाणून उचलला आणि मला दादांना ठारच मारायचे होते. डबा रिकामा नव्हता हे दादांनाही माझ्याहून नीट ठाऊक असणार, कारण तो त्यांच्या डोक्यात बसला. या लिहिण्याने खटला पुन्हा उभा राहून पाच महिन्यांची दहा वर्षे होऊ शकतात, हे अधीक्षकसाहेबांनी अर्ज पुढे पाठविण्यापूर्वी मला पोटतिडकीने समजावले. मी त्यांचा आभारी आहे. दादांची खोटी साक्ष माझ्यासाठी होती. तिची जी शिक्षा असेल ती माझ्या शिक्षेत मिळवावी.

६. सील तोडण्यास आता कारण आहे. डब्यात गुन्ह्याचा पुरावा आहे, आणि पुरावा तपासायचा तर तो वाजवावाच लागेल. भंगाराच्या आवारात लोखंड चुंबकाने उचलतात, त्यामुळे पंधरा तारखेनंतर चौकशीचा उपयोग नाही. सातव्या रिळात आगारात जमाव एकाला विटांनी ठेचतो. बाबांनी त्या पडलेल्या माणसासाठी चार मिनिटे पियानो वाजवला आहे, एकाच हाताने. वाजविताना मला आणू नये, मी मारणाऱ्यांपैकी आहे. दादांना बोलवावे, आणि त्यांची खुर्ची अशी ठेवावी की उजवा कान स्पीकरकडे राहील.

आपला नम्र व वाढीव शिक्षेस तयार,
(सही)
कैदी क्र. ३१२, सुतारकाम विभाग
दिनांक : ९

सोबत :
१) आपली दोन्ही उत्तरे.
२) कबुलीजबाब, वेगळ्या कागदावर, अंगठ्यासह.
३) रीळ यंत्रावर चढविण्याची हाताने काढलेली आकृती. तिसऱ्या मिनिटाला पियानो अगदी बारीक होतो. रीळ संपले असे समजून यंत्र बंद करू नये.