ओलेटाच्या खांबावरची पेटी

१० मे
पोचलो बाई एकदाचे! टेक्सासचा किनारा, समोर खाडी, चिंबोऱ्यांचा वास आणि कॅम्पमधली जागा क्रमांक चौदा. दोन महिने इथून हलायचं नाही, असं हॉलिसकडून कबूल करून घेतलंय.

ट्रेलर, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, उभा केल्यावर हॉलिसने आधी विजेचा खांब तपासला. जन्मभर शाळेच्या बस दुरुस्त केल्या, पण यंत्रावरचा संशय गेला नाही. तसा तो बरोबरच आहे म्हणा. कॅम्पची वीज लहरी; व्होल्टेज कधी पडेल, कधी उसळेल आणि आपला एसी कधी जळेल, सांगता येत नाही. म्हणून खांब आणि आमची केबल यांच्यामध्ये पिवळी पेटी बसते. विजेत काही खोट दिसली की पेटी आपणहून पुरवठा तोडते. त्याच्या वाढदिवसाला मी ती सहा गोधड्या विकून घेतली होती. लग्नाची अंगठी दोनदा हरवली या माणसाने, पेटीला मात्र रोज फडकं मारतो.

संध्याकाळी सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे खुर्च्या बाहेर काढल्या. शेजारची ओलेटा वाटाण्याचं सॅलड घेऊन आली. विधवा आहे. जुना चंदेरी ट्रेलर आणि बिस्किट नावाचं बुटकं कुत्रं एवढाच तिचा संसार. गोड बाई वाटली.

१२ मे
ओलेटाचा मायक्रोवेव्ह जळला. हॉलिसने आमची पेटी काढून तिच्या केबलला लावली. मला विचारलंसुद्धा नाही! म्हणाला, आपलं वायरिंग नवं आहे गं, तिचं म्हातारं झालंय, तिला जास्त गरज. खांब एकच आहे. एका बाजूच्या सॉकेटवर आम्ही, दुसऱ्या बाजूच्यावर ती. म्हणजे पेटी इकडची तिकडे, हातभर अंतरावर गेली. तेवढ्यावरून काय चिडायचं, असं स्वतःला दिवसभर समजावत होते.

माझी भेट होती ती.

१५ मे
रोज दुपारी तिची वीज जाते. रोज! आम्ही जेवायला बसलो की पायरीवरून हाक येते, हॉलिस, तुझी पेटी रुसली बघ. की हा ताट टाकून निघाला. काल वीस मिनिटं लागली, आज चाळीस. परत आला तो सरबत पिऊन.

आमची वीज मिनिटभरही जात नाही. खांब तोच, वीज तीच, मग हिचीच कशी जाते? मी विचारलं. म्हणे पेटीवर काहीतरी अक्षर उमटतं, चष्म्याशिवाय वाचता येत नाही, व्होल्टेजच पडत असणार. म्हटलं, मग चष्मा घेऊन जा की. तर म्हणतो, तू उगाच डोक्यात राख घालून घेतेस, मार्व्हा.

कॅम्पचा व्यवस्थापक डेल्बर्ट सगळ्यांसमोर म्हणाला, काय वहिनी, हॉलिसची नवी नोकरी कायम झाली का? सगळे हसले. मीही हसले.

१७ मे, शनिवार
केलं मी ते.

दोघं कुत्र्याला फिरवायला गेले होते. खटका पाडला, पेटी काढली, तिची केबल सरळ खांबात घातली, खटका वर केला. पेटी नसेल तर वीज तुटणार नाही. वीज तुटली नाही तर हाक येणार नाही. पेटीवर ‘ई २’ उमटलं होतं. असेना का! ती पलंगाखाली ठेवली आणि खांबाचं झाकण नीट बंद केलं. मी काही कुणाचं वाईट केलेलं नाही.

दुपारी हाक आली नाही. हॉलिस पोटभर जेवला. पण दोनदा खिडकीतून तिच्याकडे बघून म्हणाला, आज ओलेटाची वीज बरी टिकली.

१८ मे, सकाळ
गवतात उभी राहून दाराची कडी धरली तर हाताला मुंग्या आल्या. वय झालं.

बिस्किट आपल्याच पायरीवर चढायला तयार नाही. ओलेटा ओढते, ते मागे सरतं. शेवटी तिने उचलून आत नेलं. हॉलिस हसत बघत होता, तिच्याकडे.

१८ मे, दुपार
जोराचा पाऊस. कॅम्पभर पाणी साचलंय.

हॉलिस तिला घेऊन गावात गेला, नवा मायक्रोवेव्ह आणायला. पिकअपमध्ये माझ्या जागेवर ती बसली. कानातलं यंत्रही इथेच विसरला. तिचं बोलणं ऐकायला यंत्र लागत नाही वाटतं! कुत्रं बाहेर बांधलंय.

जरा वेळाने
बिस्किट एकदा किंचाळलं. एकदाच. तिच्या लोखंडी पायरीला चिकटून पडलंय. हाक मारली, शेपूटही हलत नाही.

तीन वाजता
पेटीची पुस्तिका खणात सापडली. ‘ई २’ म्हणजे अर्थिंग तुटलेलं.

पेटी रुसत नव्हती. वाचवत होती.

तिच्या जुन्या वायरिंगमधली वीज गळून पत्र्यात उतरते. जमिनीत जायला वाट नाही. आणि अर्थिंगची तार खांबात दोघींची एकच — मग आमचा पत्राही — खिडकीच्या चौकटीला टेस्टर लावला. पेटला. दाराला. पेटला. आतला खटका पाडला. तरी पेटतोच.

आत आहे तोवर मला काही होणार नाही. ओल्यात उभं राहून जो हात लावेल तो —

डेल्बर्ट फोन उचलत नाही. रविवार, चर्चच्या जेवणाला गेला असेल. हॉलिसचा फोन इथेच टेबलावर.

खटका बाहेर, खांबावर. दारातून उडी मारायची, हात सोडून, दोन्ही पाय एकदम. मार्चमध्ये गुडघा बदललाय. कसं जमणार —

खिडकीत कागद लावलाय, ‘हात लावू नकोस’ असा. पण त्याचा चष्मा —

कुणाला ही वही सापडली तर आधी खांबावरचा खटका पाडा. आधी खटका. मग आम्हाला हात लावा. पेटी मी काढली. मी, मार्व्हाने. तिने नाही.

पिकअप आली.

ओलेटा अजून आत बसून पर्स शोधतेय. तो उतरला. पाणी बघून बूट काढले. अनवाणी.

देवा, जाऊ दे त्याला तिच्याकडे — नाही, तिकडेही नको —

मी ओरडतेय. त्याला ऐकू येत नाही, बघत नाही. हातात पीचची पिशवी. ओलेटाला पीच चालत नाहीत. माझ्यासाठी आणलेत.

आधी माझ्याकडे येतोय. हसतोय, हात पुढे —

दार मीच आधी उघडते, उडी —