अठरा मिलिमीटर

मंगळवार, नांदेड

सव्वापाचला लातूरहून, तिच्या माहेराहून, सविताचा फोन आला अन् सगळं बदललं. "सोनोग्राफीत बीज अठरा मिलिमीटर दिसलं! इंजेक्शन दिलंय, परवापर्यंत फुटंल म्हनल्या डॉक्टरीणबाई. ये की, भांडखोरा!"

अठरा! पीसीओएसमुळं चार-चार महिने पाळी न्हाई, दोनदा बीज वाढायच्या गोळ्या वाया गेल्या, आणि आता अठरा, म्हंजे बीज तयार; लेकरासाठी हेच दोन दिवस.

पण सासरा? कॉलेज सोडून पळून लग्न केलं, तर त्यांनी लेकीला माफ केलं, मला न्हाई. बोलावल्याशिवाय त्यांचा उंबरा चढणार न्हाई, हे मीच रागानं बोललेलो. कशाला बोललो?

आई म्हणाली, "बिनबोलावता जावई जातो व्हय रं?"

"बायकोनं बोलावलंय की!"

"मग हो की बाहेर, येड्या!"

सासरा बोलला तर ऐकून घेईन. निघालोच. दार ओढून घेतो.