मयताची चाल

पुणे, १० फेब्रुवारी २०२५

फुलाअक्का,

लाडूचा पाया पडून नमस्कार. तुझा फोन लागत न्हाई, म्हणून गावाकडं निघालेल्या जोयड्याच्या रोहनकडं ही चिठ्ठी देतोय. मी बरा हाय. गाय व्याली काय?

माझं काम तेच. स्पीकर उचलायचे, वायरी गुंडाळायच्या. कार्यक्रमांना वाजवणारे पुरवणारा आमचा मालक, प्रवीण सर, सगळ्या वाजवणाऱ्यांना एकच शिकवतो, "नुसते कलाकार राहू नका, उद्योजक बना!" एक सनईवाला म्हातारा दिसेल त्याच्या हातात स्वतःचं कार्ड कोंबत हसतोय. बघून किळस येते. त्याची न्हाई, त्याला तसं हसायला शिकवणाऱ्याची.

भाऊजी बरे हायत. लय बरे. त्यांना इथंच सरांकडं नोकरी लागली एवढंच मागं कळवलं. कसली, ते लिहायला हात धजला न्हाई. सरांनी त्यांचं नाव 'जंगलचा ढोल' ठेवलंय. डोक्याला मोरपिसं लावून उभं करतात. आपल्या नंदिगड्ड्यात कोण लावतंय मोरपिसं?

परवा मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन होतं. भाऊजींनी ढोलावर चाल धरली आणि मी वायर तिथंच टाकली. मयताची चाल, अक्का. आईला नेताना वाजवलेली. एरवी ढोलावर ती बोटानं सुद्धा धरायची न्हाई, हे म्हादूआजा शिकणाऱ्याच्या हातात ढोल देण्याआधी सांगतो. इथं लोक पेढे खात तिच्यावर नाचले.

मी भाऊजींना मागं ओढलं. "कोण मेलंय?"

"गप रे! ह्यांना काय कळतंय?"

"तुम्हाला कळतंय न्हवं?"

"तू वायरी गुंडाळ."

सरांनी ऐकलं. "मरणाची आहे? अरे, मग तर अजून खपेल!"

आता खरं लिहितो. बायका मयताला कशा रडतात, सरांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, "माझी बायको रडली तर अख्खी वाडी थांबते." आईच्या उशाशी बसून, तिनं लावलेल्या एकेका झाडाचं नाव घेत तू जे रडलीस, ते तुला स्टेजवर रडायचंय. मेलेली म्हणून झोपायला एक बाई भाड्यानं आणणार हायत. भाऊजींनी तुझ्या वतीनं व्हय म्हटलंय. तुला सांगतील, पुणं दाखवतो.

येत्या शुक्रवारी ते जीप घेऊन येतील. नवरा हाय, पोटभर जेवायला वाढ. पण जीपमधी बसू नको. कुणी सांगितलं विचारलं, तर माझं नाव घे. इथं माझं काय व्हायचं ते होऊ दे.

आईच्या उशाशी, तुझ्या समोरच्या अंगाला बसलेला,
लाडू