आईच्या शिंपल्यावरची तारीख

प्रिय पप्पा,

गुडघा कसा आहे? बोदवडला थंडी पडली असेल. मफलर कपाटात जपून ठेवायचा नसतो, गळ्यात घालायचा असतो.

परवा तुम्ही विचारलंत, गोव्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर शिंपले कापून काय मिळतं? पप्पा, वेड लागेल असं काही मिळतं. शिंपला वाढताना थरावर थर चढवतो आणि त्या दिवसांत पाणी कसं होतं ते थरात राहून जातं. भुसावळला जाताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आपण बघायचो ना? जगभरच्या अशा धुरातला काही वायू समुद्र पिऊन टाकतो आणि त्याचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं. ते केसाएवढ्या थरात मोजता येतं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क हात जोडले. प्रयोगशाळेतले आमचे सर हसले.

पण थर कुठल्या सालचा हे कळायला आतला जीव कधी गेला ते ठाऊक असावं लागतं. मी किनाऱ्यावरचे रिकामेच शिंपले वेचते; जीव मारायचा नाही, हे आपल्या घरचं वळण. ते कधी मेले, कोण सांगणार? तारखेचा जुना शिंपला कुणाकडेच नव्हता. आपल्याकडे होता.

पालिताण्याच्या यात्रेहून येताना महुव्याला आई समुद्रात पाय बुडवून उभी होती, तेव्हा तिने तो माझ्यासाठी कोळणीकडून घेतला. आतला जीव त्याच सकाळी काढला होता, हे नंतर कळलं. आपल्या हौसेपायी जीव गेला म्हणून आई रडली. दरसाल त्या दिवशी उपवास करायचं ठरवलं आणि तारीख विसरू नये म्हणून भांड्यांवर नावं घालणाऱ्या गिरधरकडे शिंपला घेऊन गेली. "अक्का, हाई काय भांडं शे का? तडकी जाई!" असं, तडा जाईल म्हणून, तो ओरडत राहिला, पण आईने १८-२-९६ कोरून घेतलंच. त्या एका हट्टामुळे आज सर तो शिंपला दोन्ही हातांनी धरतात.

आई गेल्यापासून तुम्ही कपाटात जपलेला तो शिंपला दिवाळीत मीच आणला, न विचारता. तुमच्या लक्षात आलं असणार. माझं चुकलं. त्याच्या अगदी कडेचा थर म्हणजे आई पाण्यात उभी होती, तेव्हाचा समुद्र. तो वाचायचा तर शिंपला कापावा लागेल, आणि मग तो सांधता येणार नाही. दोनशे शिंपले कापलेत मी. हा दोनदा यंत्राखाली ठेवला आणि उचलून घेतला. तुम्ही नको म्हणालात तर आहे तसा परत आणीन, कुरकुरणार नाही. हो म्हणणार असाल तर मात्र नुसतं कळवू नका, पप्पा. इथे या. मला एकटीला नाही होणार.

तुमचीच,
जिनल